साडेचार इंच

मला फसवलं ते आमच्या ह्यांनी. मेस्त्रीनं नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण आमच्या गल्लीत दोन वर्षं याच्या उलट बोललं जात होतं आणि बोलणारी मीच होते.

शोळिंगनल्लूरच्या मागच्या बाजूला आम्ही घर बांधलं तेव्हा तिथं धड रस्ताही नव्हता. पुढच्या हमरस्त्यावर काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांच्यात पुण्या-नाशिकची पोरं कामाला लागत होती. दोन्ही वेळा भात खाऊन ती कंटाळायची. मी त्यांना पोळीभाजीचे डबे द्यायला सुरुवात केली ती वीस डब्यांनी. घराचा पाया खणला त्या वर्षी पोळ्या लाटायला माझ्याकडे सहा बायका होत्या. पीठ, तेल, भाजी, गॅस, सगळं मीच घासाघीस करून आणायचे. मला येणारं तमिळ म्हणजे आकडे, भाज्यांची नावं आणि भांडण. तेवढ्यावर माझं कुठं अडलं नाही.

हे गुम्मिडिपूंडीला एका कारखान्यात सुपरवायझर होते. ती वसाहत शहराच्या उत्तरेला आणि आमचा प्लॉट पार दक्षिणेला. रोज जाणं-येणं शक्य नव्हतं, म्हणून सोमवार ते शनिवार ते तिकडेच एका खोलीत राहायचे. शनिवारी संध्याकाळी यायचे आणि सोमवारी पहाटे निघायचे. त्यामुळे बांधकामावर आठवडाभर मी आणि रविवारी हे, अशी आमची वाटणी झाली होती. पुढचं सगळं या वाटणीतून घडलं.

मला त्या घरात कोनाडे हवे होते. का, ते सांगते. माझं लहानपण इचलकरंजीत मागावाल्यांच्या चाळीत गेलं. आमच्या खोलीच्या भिंतीला लागूनच मागांचं शेड होतं. माग सुरू झाले की भिंत थरथरायची आणि फळीवरची भांडी हळूहळू कडेकडे सरकायची. दिवसातून दोनदा आई ती हातानं मागे ढकलायची. कपबशी, आरसा, तेलाची बाटली, आमच्याकडची फुटणारी प्रत्येक वस्तू कधी ना कधी त्या फळीवरून पडून फुटली. भिंतीतल्या कोनाड्यातलं मात्र काहीच पडलं नाही. आईनं त्याच्या तोंडाशी मातीचा बोटभर उंबरा केला होता. तो कोनाडा ती गेरूनं सारवायची, त्याला चुन्याच्या ठिपक्यांची किनार काढायची, मागच्या बाजूला सुताच्या कांड्यांच्या पुड्यांचा चमकता कागद चिकटवायची. नवरात्रात तिथं घट बसायचा. शेजारी माग धडधडत असायचे आणि घटाशेजारचा दिवा नऊ दिवस विझायचा नाही. तेव्हाच मी ठरवलं होतं की स्वतःचं घर झालं की त्यात असा एक कोनाडा असेल.

मेस्त्री आम्हाला मिळाला तो तंजावरच्या बाईंमुळे. त्या पलीकडच्या गल्लीत राहायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या, पण ते मराठी इतकं जुन्या वळणाचं की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दोनदा विचारलं. त्यांचं कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या इकडचंच. त्यांच्या घराची डागडुजी हाच मेस्त्री वीस वर्षं करत होता. त्या म्हणाल्या, "बोलतो थोडकं. काम नेमस्त करतो."

मेस्त्रीला मी कोनाडा कसा हवा ते जमिनीवर खडूनं काढून दाखवलं. त्याला सांगायची फारशी गरज नव्हती. इकडे त्याला माडम म्हणतात आणि कार्तिकातल्या दिव्यांसाठी जुन्या घरांना दाराच्या दोन्ही अंगांना तो असतोच. हल्ली कुणी मागत नाही, सगळ्यांना काचेचं शोकेस हवं असतं, असं तो म्हणाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर मला आनंद दिसला. मग त्यानं मला भिंतींचं गणित समजावलं. बाहेरच्या भिंती नऊ इंची असतात. त्यांत कोनाडा निघतो. आतल्या भिंती साडेचार इंची, म्हणजे एका विटेच्या रुंदीच्या. त्यांत कोनाडा खोदायला गेलं तर आरपार भोक पडतं. मला मोठा कोनाडा हॉल आणि झोपायची खोली यांच्यामधल्या आतल्या भिंतीत हवा होता, कारण ती पूर्वेकडची. मी म्हटलं, मग ती भिंतही नऊ इंची घाल. तो म्हणाला, हॉल साडेचार इंचांनी कमी होईल. मी म्हटलं, होऊ दे.

दराबद्दल आम्ही तीन दिवस भांडलो. नऊ इंची भिंतीला विटा दुप्पट, सिमेंट जास्त, मजुरी जास्त. चौथ्या दिवशी आम्ही दोघंही थोडे थोडे सरकलो आणि सौदा झाला. सौदा झाला की माझा राग संपतो. मी त्याला चहा दिला.

घर झालं. दाराशी दिव्याचा एक लहान कोनाडा, स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीचा एक, आणि हॉलमधला मोठा, वरून कमानदार, मांडी घालून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल एवढ्या उंचीवर. मागच्या खोलीत त्याच भिंतीला भिंतभर लाकडी कपाट बसवलं होतं. ती ह्यांची कल्पना. भिंत चढून कपाट बसेपर्यंतचे दिवस मी डब्यांच्या गर्दीत होते, मला तिकडे फिरकता आलं नव्हतं. मी म्हटलं, चला, एक गोष्ट तरी ह्यांनी मनावर घेतली.

तो कोनाडा मी जसा सजवला तसं दुसरं काही सजवलं नाही. आत चुन्यात नीळ कालवून दोन हात दिले. कडेला गेरूचा पट्टा आणि त्यावर तांदळाच्या पिठाचे ठिपके, इकडच्या बायका दारात काढतात त्या कोलमच्या वळणाचे, पण मधे आमची गोपद्मं. कमानीत पितळेची एक घंटी टांगली. पाडव्याला आत कडुलिंबाची डहाळी, संक्रांतीला सुगडं, मार्गशीर्षात कलश. गणपतीत मूर्ती तिथंच बसायची. नवरात्राआधी मैलापूरच्या देवळाभोवती बाहुल्यांचा बाजार भरतो. तिथून मी मातीच्या हत्तींची एक जोडी आणली. विकणारी बाई मोठी तिखट होती. एका हत्तीच्या कानाचा टवका उडाला होता, तो मी तिला दाखवला. ती म्हणाली, तो कान भिंतीकडे करून ठेव. मी म्हटलं, मग भिंतीकडचा भाव लाव. शेवटी दोघी हसलो आणि हत्ती माझ्या पिशवीत आले. प्रत्येक बाहुली मी बोटाच्या पेरानं वाजवून घ्यायचे, नारळ घेतात तशी. कच्ची भाजलेली असली की आवाज बद्द येतो. माझ्याच घरातली भिंत वाजवून बघायचं मात्र मला सुचलं नाही.

डब्यांची पोरं घरी आली की आधी कोनाड्यापुढे उभी राहायची. एक जण म्हणाला होता, "काकू, आमच्या टू बीएचकेत खिळा ठोकला तरी शेजारी ओरडतो. तुम्ही तर भिंतीत घर केलंय." मला फार बरं वाटलं होतं.

त्या नवरात्रात मी घट तिथंच बसवला. पत्रावळीवर काळी माती, त्यात सात धान्यं, वर कलश, शेजारी दिवा. रोज मातीवर पाणी शिंपडायचं. सातव्या दिवशी धान्य चांगलं वीतभर आलं होतं. त्या दिवशी नेसायला रेशमी साडी काढावी म्हणून खोलीतलं कपाट उघडलं तर आत कुबट वास. साड्यांच्या घडीवर पिवळट डाग, आणि एक साडी चक्क ओली. कपाटाच्या पाठीची प्लायवूड फुगून पोटासारखी पुढं आली होती. मी हॉलमध्ये आले, माती बाजूला सारली आणि कोनाड्याच्या मागच्या भिंतीला बोट लावलं. वरचा चुन्याचा पापुद्रा फुटला आणि बोट सरळ आत गेलं. मी धावत खोलीत गेले. बोटानं पडलेल्या भोकातून हॉलमधला दिवा दिसत होता.

कोनाड्याला पाठच नव्हती. भिंत साडेचार इंची होती, तिला आरपार भोक ठेवलं होतं आणि त्या भोकाला पाठ म्हणून आमच्या कपाटाची प्लाय लावून वर गिलावा फासला होता. मातीचं पाणी सात दिवस तीच प्लाय पीत होती.

घट हलवायचा नसतो. मी तो हलवला. हललेल्या घटाचं काय करायचं हे सांगायलाही आई राहिली नव्हती. पाट मांडला, त्यावर घट ठेवला आणि तशीच चप्पल घालून बाहेर पडले.

मेस्त्री आमच्याच गल्लीच्या टोकाला एका घराचा गिलावा करत होता. खाली त्या घराचा मालक होता, रेती चाळणाऱ्या बायका होत्या, दूधवाला थांबला होता. मी खालूनच सुरुवात केली. नऊ इंचांचे पैसे घेतलेस आणि साडेचार इंच घातलेस, विटा कुठं विकल्यास, देवाच्या जागी भोक ठेवताना हात कसा धजला, असं जेवढं मला तमिळमध्ये येत होतं तेवढं तमिळमध्ये आणि उरलेलं मराठीत. तो परांचीवरून उतरला. बादलीत हात धुतले, पंच्याला पुसले आणि म्हणाला, "सारैक् केळुंग, अम्मा." म्हणजे साहेबांना विचारा.

मी म्हटलं, साहेब गुम्मिडिपूंडीला असतात, साहेब विटा रचत नाहीत. रेती चाळणाऱ्या बायका हसल्या. तो पुन्हा परांचीवर चढला. मला वाटलं, चोर दुसऱ्यावर ढकलतोय. त्या घरमालकानं आठवडा संपायच्या आत त्याला कामावरून काढलं. आमच्या भागात तेव्हा एका वेळी आठ-दहा घरं उभी राहत होती. त्या प्रत्येक घरी मी स्वतः जाऊन सांगितलं की या माणसाला काम देऊ नका. मी सांगितलेलं लोक ऐकतात. माझ्याकडून डबे घेणाऱ्यांना माहीत होतं की मी वजनात मारत नाही आणि कुणाला मारूही देत नाही.

शनिवारी हे आले. मी सगळं सांगितलं, त्याला खाली उतरवून कसं धुतलं तेही सांगितलं. ह्यांनी चहा अर्धा संपवला आणि म्हणाले, "या लोकांचं असंच असतं. जाऊ दे, प्लाय बदलून टाकू."

हे वाक्य मी विसरलेले नाही. तेव्हा मला ते माझ्या बाजूचं वाटलं होतं.

प्लाय बदलली. पुढच्या नवरात्रात मी घट पाटावरच बसवला आणि कोनाड्यात नुसते हत्ती ठेवले. तंजावरच्या बाई हळदीकुंकवाला आल्या नाहीत. त्या आधीच्या वर्षीही आल्या नव्हत्या, पण तेव्हा त्यांचं गुडघ्याचं दुखणं होतं, निदान मी तसं धरून चालले होते. बाजारात भेटल्या तर मान हलवायच्या आणि पुढं जायच्या.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात कपाटाला वाळवी लागली. सुतारानं ते भिंतीपासून सुटं करून अंगणात नेलं. मागची भिंत पहिल्यांदाच उघडी पडली. गिलावा कोरा होता, रंग दिलेला नव्हता. भोकाच्या कडेला सुताराच्या जाड पेन्सिलीनं एक उभी रेघ ओढलेली, शेजारी बाण, आणि बाणाच्या टोकाला लिहिलेलं: ४॥.

सुतार म्हणाला, हे कसलं चिन्ह? या शहरात देवनागरी आकडे कोण लिहितं? मेस्त्री इंग्रजी आकडे लिहायचा, सुतारही. आणि अर्ध्यासाठी दोन दांड्या काढणारा माणूस मला एकच माहीत आहे. हे लहानपणी आजोबांच्या किराणा दुकानात हिशेब शिकले. अजूनही दुधाच्या कॅलेंडरवर दीड लिटर लिहायचं झालं तर १॥ असंच लिहितात. त्यांचा चार डावीकडे कललेला असतो. भिंतीवरचा चारही डावीकडे कललेला होता.

तो बुधवार होता. शनिवारपर्यंत मी कुणाशी एक शब्द बोलले नाही. पोळ्या लाटणाऱ्या बायकांना वाटलं मला ताप आलाय.

शनिवारी हे आले, चपला काढल्या, आणि मी त्यांना हात धरून त्या भिंतीपुढे नेलं. आकड्याकडे त्यांनी एकदा बघितलं. मग खाटेवर बसले.

नाकारलं नाही, एवढं मी त्यांच्या बाजूनं लिहिते. म्हणाले, रविवारी सोफा मोजून बघितला, नऊ इंची भिंत घातली तर सोफा आणि टीव्हीच्या मधे पाय पसरायला जागा राहत नव्हती. मेस्त्रीला म्हटलं, साडेचारच घाल. तो तयार नव्हता, अम्मांना सांगा म्हणत होता. शेवटी म्हणाला की मग निदान मागून कडप्प्याची फरशी तरी बसवू, पाणी झिरपणार नाही. ह्यांनी म्हटलं, कपाट येणारच आहे, फरशी कशाला. आणि अम्मांना बोलू नकोस. भिंतीचे वाचलेले पैसे त्यानं परत केले, ते त्या कपाटात घातले.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला नाही म्हणायची सोय होती का? भाजीवाल्याला तू तीन दिवस सोडत नाहीस, मला सोडलं असतंस? आठवड्यातून एक दिवस मी या घरात असतो. तेवढा एक दिवस पाय पसरून बसावं म्हटलं."

हे मला लागलं, कारण त्यात खरं होतं. त्यांनी तोंडावर सांगितलं असतं तर मी चार दिवस भांडले असते. पाचव्या दिवशी कदाचित भिंत दुसरीकडे घातली असती, कदाचित सोफा लहान घेतला असता. पण सौदा समोरासमोर झाला असता. माझ्याशी सौदा करायची भीती वाटली म्हणून माझ्या पाठीमागे सौदा करायचा, हे मला मान्य नाही.

आणि माझं भांडण साडेचार इंचांचं राहिलेलंच नाही. मी विचारलं ते दुसरंच. "मी त्याला गल्लीत उभा करून चोर म्हटलं. तुम्हाला त्याच आठवड्यात कळलं. तुम्ही चहा पीत राहिलात."



दुसऱ्या दिवशी मी तंजावरच्या बाईंकडे गेले. त्यांना सगळं माहीत होतं. मेस्त्री त्यांच्याकडे येऊन गेला होता. मी म्हटलं, मग मला सांगितलं का नाहीत? त्या ताक ढवळत होत्या, हात न थांबवता म्हणाल्या, "तुम्ही पुसलंत कुठे? तुम्ही तर सांगतच होतां."

त्यांच्याकडे विचारणं याला पुसणं म्हणतात. मी मान खाली घातली. मग त्याच माझ्याबरोबर मेस्त्रीच्या घरी आल्या, आमच्या भागाला लागून असलेल्या दलदलीच्या पलीकडे, गुडघा दुखत असताना. मेस्त्री आता मोठी कामं करत नव्हता. कुठं कुंपणाची भिंत, कुठं गळकी टाकी. कुणामुळे ते मला विचारावं लागलं नाही. त्याच्या बायकोनं पाणी दिलं. मी उभ्यानंच माफी मागितली, बाईंनी ती नीट तमिळमध्ये सांगितली. मी म्हटलं, ती भिंत पाड, नऊ इंची घाल, तू सांगशील ती मजुरी. उभ्या आयुष्यात मी असं कुणाला म्हटलेलं नाही.

तो म्हणाला, मजुरीचं काही नाही, मागच्या वेळी ठरली तीच. भिंत मी घालीन. पण तुम्ही जिथं उभ्या राहून बोललात तिथं साहेबांनी येऊन बोलावं. मग सोमवारी विटा टाकतो.

मला यात काही गैर वाटलं नाही. मी असते तर जास्त मागितलं असतं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, झालं त्याला दोन वर्षं झाली, तू गेलीस ना, मग झालं. नंतर म्हणाले, गल्लीत तमाशा कशाला. मी म्हटलं, तमाशा मी केला तेव्हा तुम्हाला चालला. नंतर म्हणाले, बघू. त्याला आता दुसरं नवरात्र आलं.

सुतारानं कपाट दुरुस्त करून आणलं, ते मी दुसऱ्या भिंतीला लावलंय. भोक तसंच आहे. मी त्याला फळी लावू दिली नाही की पडदा. हॉलमध्ये बसलेल्या पाहुण्यांना त्यातून आमची खाट दिसते, ह्यांच्या दोरीवरच्या लुंग्या दिसतात. ह्यांच्या कारखान्यातले लोक आले होते, त्यांनी विचारलं, हे काय? ह्यांनी खिडकी म्हणून सांगितलं. मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन खरं सांगितलं. ज्या घरांना मी मेस्त्रीविरुद्ध सांगितलं होतं, त्या प्रत्येक घरी जाऊन मी माझी चूक बोलून आले. दोन ठिकाणी लोक माझ्या तोंडावर हसले. माझा वाटा मी पुरा केला आहे.

आता उरलात तुम्ही. मराठी तुम्ही वाचता, आणि रविवारी तुम्हाला वेळ असतो. घरापासून गल्लीचं ते टोक नव्वद पावलांवर आहे, मी मोजली आहेत. ते परांची बांधलेलं घर आता पिवळ्या रंगाचं झालंय, त्याचा मालक रोज सकाळी दारात पेपर वाचत बसतो. मेस्त्रीला मी निरोप धाडते, तो येईल. बाईही येतील. तिथं उभं राहून तुम्ही एवढंच सांगायचं की साडेचार इंच मी सांगितले होते, फरशी मी नको म्हटली होती आणि माझी बायको याला चोर म्हणत होती तेव्हा मी गप्प बसलो. तमिळ तुमचं माझ्यापेक्षा चांगलं आहे. कधी येताय ते सांगा.